पासष्ट मेंढ्यांची पावती आणि इस्लामचा आरंभकाळ: उशिराच्या ग्रंथांवर किती भिस्त ठेवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. गेले काही महिने मी इस्लामच्या आरंभकाळाविषयी वाचतो आहे आणि जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारावेसे वाटले. श्रद्धा खरी की खोटी ही चर्चा मला अभिप्रेत नाही. माझा प्रश्न फक्त इतिहासाच्या साधनांचा आहे.

एर्नेस्ट रेनान या फ्रेंच विद्वानाने एकोणिसाव्या शतकात असे लिहून ठेवले की इतर धर्मांचा उगम गूढात दडलेला असला तरी इस्लाम मात्र इतिहासाच्या लख्ख उजेडात जन्मला. शाळेत आम्ही शिकलो तेही याच धाटणीचे होते: इ.स. ५७०च्या सुमारास जन्म, ६१०मध्ये पहिला साक्षात्कार, ६२२मध्ये हिजरत म्हणजे मक्केहून मदिनेस स्थलांतर, ६३२मध्ये मृत्यू. आता पाहतो तर पैगंबरांचे सर्वांत जुने सविस्तर चरित्र इब्न इसहाक यांचे, आणि ते वारले इ.स. ७६७च्या सुमारास. त्यांचा मूळ ग्रंथही जसाच्या तसा हाती नाही. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेल्या इब्न हिशाम यांनी काटछाट करून सिद्ध केलेला पाठ आपल्यापर्यंत आला आहे. बुखारी यांचा हदीसांचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या कथनांचा, संग्रह नवव्या शतकातला आणि तबरी यांचा इतिहास त्याच्याही नंतरचा. मग हा लख्ख उजेड नेमका कोठून येतो?

दुसऱ्या टोकाला एका स्नेह्यांनी मला एक चित्रफीत पाठवली. तिच्यात असे ठासून सांगितले आहे की पहिली मक्का ही आजची मक्का नव्हेच, ते जॉर्डनमधील पेट्रा. आणि पैगंबरांची कथा ही उमय्या या पहिल्या राजघराण्याच्या खलिफांनी साम्राज्याच्या सोयीसाठी मागाहून रचली. आमच्या वाचनमंडळात यावरून दोन तट पडले आणि चहा थंड होईपर्यंत वाद झाला, पण एकाही बाजूला सातव्या शतकातला एखादा कागद पुढे ठेवता आला नाही. तसे काही साधन आहे का, आणि असल्यास ते काय सांगते?

जुनी_पाने

आपण दिलेल्या सनावळ्या बरोबर आहेत, परंतु उशिराचा ग्रंथ म्हणजे उशिराचीच माहिती असे समीकरण मांडता येत नाही. इब्न इसहाक यांनी आपले बरेचसे साहित्य इ.स. ७४२मध्ये वारलेल्या जुहरी या आपल्या गुरूंकडून घेतले, जुहरींनी ते मदिनेच्या उर्वा इब्न जुबैर यांच्याकडून ऐकले आणि उर्वा हे पैगंबरपत्नी आयेशा यांचे भाचे. कोणी कोणाकडून ऐकले याची ही साखळी प्रत्येक कथनापुढे नोंदवायची प्रथा होती. तिला इस्नाद म्हणतात. सगळा वाद त्या साखळीच्या खरेपणाचा आहे.

इग्नात्स गोल्डत्सिहर या हंगेरियन पंडिताने १८८९-९०मध्ये असे दाखवून दिले की हदीसांच्या मोठ्या भागात पैगंबरांच्या काळापेक्षा पुढच्या दोन शतकांतील तंट्यांचे पडसाद अधिक ऐकू येतात. पुढे १९५०मध्ये योझेफ शाख्ट यांनी कायदेविषयक हदीस तपासून असा सिद्धान्त मांडला की या साखळ्या काळाबरोबर मागे मागे वाढत जातात: जे मत आधी इराकातल्या एखाद्या कायदेपंडिताच्या नावावर होते, ते पुढच्या पिढीत एखाद्या सहाबाच्या, म्हणजे पैगंबरांच्या सहकाऱ्याच्या, नावावर जाते आणि अखेर थेट पैगंबरांच्या तोंडी येते. याला उत्तर हराल्ड मोत्स्की यांनी दिले. त्यांची पद्धत अशी की एकाच कथनाचे सगळे पाठ आणि सगळ्या साखळ्या शेजारी ठेवायच्या. मजकुरातले भेद साखळीच्या फाट्यांबरहुकूम पडत असतील, तर ती साखळी कोणी एका रात्रीत बसून रचलेली नसते. या रीतीने त्यांनी काही साहित्य हिजरी पहिल्या शतकापर्यंत मागे नेऊन दाखवले. काही साहित्य, सगळे नव्हे, हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडच्या वाचकाला हा पेच परका वाटू नये. मल्हार रामराव चिटणिसांची बखर शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे १३० वर्षांनी लिहिली गेली, आणि इब्न इसहाक पैगंबरांच्या मृत्यूनंतर साधारण तेवढ्याच वर्षांनी वारले. बखर खोटी म्हणून आपण फेकून देत नाही, पण जन्मतिथीचा वाद आला की जेधे शकावली, म्हणजे तारीखवार नोंदी, उघडतो.

येथे 'शकावली' शोधण्याची गरज ज्यांनी सर्वांत कर्कश आवाजात मांडली ते दोन ग्रंथ १९७७ या एकाच वर्षी लंडनच्या वर्तुळातून बाहेर पडले. जॉन वान्सब्रो यांचे म्हणणे असे की कुराणाला आजचे निश्चित रूप आठव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आलेच नव्हते. पॅट्रिशिया क्रोन आणि मायकल कुक यांनी तर मुस्लिम परंपरा पूर्ण बाजूला ठेवून केवळ ग्रीक, सिरियाक, आर्मेनियन, हिब्रू अशा बाहेरच्या साक्षींवरून इतिहास उभा करण्याचा घाट घातला. ती इमारत टिकली नाही, आणि लेखकद्वयाने स्वतःच पुढे तिच्यापासून अंतर घेतले. क्रोन यांनी तर २००६मध्ये स्पष्ट लिहिले की मुहंमद हे ऐतिहासिक पुरुष होते याबद्दल शंका नाही आणि कुराण हे त्यांच्याच वचनांचे संकलन असल्याची बऱ्यापैकी खात्री वाटते. चित्रफिती काढणारी मंडळी १९७७च्या क्रोन सांगतात. २००६च्या सांगत नाहीत.

आता आपण मागितलेल्या साक्षी. थॉमस नावाच्या सिरियाक धर्मगुरूने इ.स. ६४०च्या सुमारास केलेली नोंद आहे: शुक्रवार, ४ फेब्रुवारी ६३४, दिवसाचा नववा तास, गाझाच्या पूर्वेस बारा मैलांवर रोमन सैन्य आणि 'मुहंमदाचे अरब' यांची लढाई झाली आणि पॅलेस्टाइनचे सुमारे ४,००० गरीब खेडूत मारले गेले, त्यांत ख्रिस्ती, यहुदी आणि शोमरोनी (समॅरिटन) असे सगळे होते. पैगंबरांच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. इ.स. ६६०च्या दशकातला आर्मेनियन इतिहासकार, ज्याला सेबेओस म्हणण्याची रीत आहे, तो सांगतो की महमेत नावाच्या व्यापाऱ्याने लोकांना अब्राहमाच्या देवाकडे वळवले आणि मृत प्राण्याचे मांस, मद्य, खोटे बोलणे आणि व्यभिचार यांना मनाई केली. सेबेओस हा मुसलमानांचा मित्र नव्हता. त्याला ही माणसे नकोशी होती, आणि म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे.

मला स्वतःला मात्र या दोघांपेक्षा व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला एक पपायरस अधिक बोलका वाटतो. तो इजिप्तमधील अहनास गावचा, हिजरी सन २२ म्हणजे एप्रिल ६४३चा. वरच्या बाजूला ग्रीक आणि खाली अरबी. अब्दुल्ला इब्न जाबिर नावाच्या अरब सरदाराने स्थानिक ख्रिस्ती अधिकाऱ्यांच्या हस्तकांकडून आपल्या नावाडी, घोडेस्वार आणि चिलखती पायदळासाठी मेंढ्या घेतल्या, त्याची ही पावती. पन्नास कापण्यायोग्य मेंढ्या आणि आणखी पंधरा, एकूण पासष्ट. ग्रीक भाग योआन्नेस नावाच्या लेखनिकाने लिहिला; तो चर्चमध्ये सेवक होता. अरबी भागाची सुरुवात 'दयाळू, कृपाळू देवाच्या नावाने' अशी आहे. मागच्या बाजूस ग्रीकमध्ये शेरा आहे की हा माल नव्याने आलेल्या 'मागारितां'ना कराच्या हप्त्यापोटी पोचला. हा मागारिता शब्द म्हणजे अरबी 'मुहाजिर', हिजरत करून आलेला. पावतीवर सन बावीस इतकेच लिहिले आहे. कोणाचे बावीस, कशापासूनचे बावीस, याचा उल्लेख नाही, कारण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ते विचारण्याची गरज वाटली नाही. हिजरी सन ही नंतरच्या ग्रंथकारांची कल्पना आहे असे म्हणणाऱ्याने आधी या पासष्ट मेंढ्यांचा हिशेब द्यावा.

टाकसाळ

जुनी_पाने यांचा प्रतिसाद आवडला, परंतु त्यांनी गैरसोयीची बाजू थोडी आवरती घेतली असे मला वाटते. सन बावीसची पावती आहे हे खरे, पण त्या पावतीत पैगंबरांचे नाव नाही. आणि ते केवळ त्या एका पावतीत नाही असे नव्हे.

हाम्मात गादेर या गरम पाण्याच्या झऱ्यांवरील स्नानगृहाची दुरुस्ती पहिले उमय्या खलिफा मुआविया यांच्या कारकिर्दीत झाली, तेथला ग्रीक शिलालेख पाहा. तारीख ५ डिसेंबर ६६२. लेखात मुआविया यांचे 'अब्दुल्ला' आणि 'अमीर अल-मुमिनीन' हे उल्लेख अरबी शब्द तसेच ग्रीक लिपीत उतरवून केले आहेत, कालगणना रोमन पद्धतीने, त्या नगराच्या सनाने आणि 'अरबांच्या ४२व्या वर्षाने' अशी तिहेरी दिली आहे, आणि लेखाच्या आरंभी चक्क क्रूस कोरला आहे. खलिफांचा लेख, क्रूसाने सुरू होणारा! इराणातील दाराबगिर्द येथे याच मुआविया यांच्या नावाचे चांदीचे नाणे पडले, त्यावर सासानी राजाचा मुकुटधारी मुखवटा एका बाजूस आणि अग्निवेदी दुसऱ्या बाजूस आहे. बिरुद मात्र पहलवीत 'श्रद्धावानांचा अमीर' असे. मुसलमान हा शब्द नाही, पैगंबरांचे नाव नाही.

ते नाव नाण्यावर येते हिजरी ६६मध्ये, म्हणजे इ.स. ६८५-८६ला, इराणच्या फार्स प्रांतातील बिशापूरच्या टाकसाळीत: 'मुहंमद अल्लाहचे प्रेषित'. गंमत अशी की हे नाणे उमय्यांचे नव्हेच. ते मक्केत स्वतःला खलिफा घोषित केलेल्या अब्दुल्ला इब्न जुबैर यांच्या पक्षाचे आहे. यादवीच्या ऐन भरात एका पक्षाने पैगंबरांचे नाव आपल्या चलनावर झळकवले आणि प्रतिपक्षाने, म्हणजे उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांनी, ती घोषणा उचलून आपलीशी केली. हिजरी ७२मध्ये (इ.स. ६९१-९२) जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉकमध्ये त्यांनी सुमारे २४० मीटर लांबीची अक्षरपट्टी बसवली. तिच्यात पैगंबरांचे नाव आहे आणि 'तीन म्हणू नका' असे ख्रिस्ती लोकांना उद्देशून बजावणारी कुराणातली आयतही आहे. हिजरी ७७पासून नाण्यांवरची सगळी चित्रे गेली, केवळ अक्षरे उरली.

याचा अर्थ कसा लावायचा, येथे अभ्यासकांत खरा मतभेद आहे. फ्रेड डॉनर यांनी २०१०मध्ये असे सुचवले की आरंभीचा हा समाज स्वतःला मुमिन, म्हणजे श्रद्धावान, म्हणवत असे. त्यात एकेश्वर मानणारे काही यहुदी आणि ख्रिस्तीही सामावलेले होते, आणि मुसलमान म्हणून वेगळी भिंत अब्दुल मलिक यांच्या पिढीत उभी राहिली. त्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम कागद म्हणजे मदिनेचा करारनामा. तो इब्न इसहाक यांच्या ग्रंथात मिळतो, पण त्याची भाषा इतकी जुनाट आणि आशय नंतरच्या धर्मशास्त्राला इतका अवघड आहे की कडव्या संशयवाद्यांनीही तो अस्सल मानला आहे. यहुदी हे श्रद्धावानांसह एक उम्मत (समुदाय) आहेत, असे कलम नंतरच्या काळात कोण कशाला घुसडेल? डॉनर यांच्यावर आक्षेप असा की त्यांनी ही सर्वसमावेशकता फार ताणली. हा आक्षेप मला पटतो, कारण सेबेओसला किंवा थॉमसला आपण कोणा प्रेमळ एकेश्वरवाद्यांच्या मेळ्यात आहोत असे वाटल्याचे दिसत नाही. तरीही पन्नास वर्षांचे हे मौन 'सर्वांनाच माहीत होते म्हणून लिहिले नाही' एवढ्यावर मिटवता येत नाही. पावतीला ते लागू पडेल. खलिफांच्या नाण्याला कसे पडेल?

डोमच्या लेखाविषयी जाता जाता: पुढे अब्बासी खलिफा मामून यांनी (कारकीर्द ८१३ ते ८३३) तेथले अब्दुल मलिक यांचे नाव काढवून आपले नाव बसवले. नाव लांब आणि जागा कमी, म्हणून अक्षरे दाटीवाटीने कोंबावी लागली. परंतु सन बदलायचे मात्र राहिले. त्यामुळे मामून यांनी आपल्या जन्माच्या जवळपास शंभर वर्षे आधी इमारत बांधली, असे ती भिंत आज सांगते.

लेखनिक

कुराणाच्या हस्तलिखितांचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो, कारण वान्सब्रो यांच्या सिद्धान्ताला खरा धक्का तेथूनच बसला.

१९७२मध्ये येमेनमधील सना येथील मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत जुन्या चर्मपत्रांचा मोठा साठा हाती लागला. त्यातल्या एका पोथीची पाने खरवडून पुन्हा लिहिलेली आहेत. वरचा मजकूर आजच्या कुराणाचा आहे. खालच्या, पुसलेल्या मजकुरात सुरांचा म्हणजे अध्यायांचा क्रम वेगळा आहे आणि शब्दांचे बारीकसारीक भेद आहेत, साधारण तशाच जातीचे जे सहाबांच्या वैयक्तिक पोथ्यांविषयी मुस्लिम परंपरा स्वतःच सांगते. याच पोथीच्या एका पानाचे कार्बन कालमापन ५७८ ते ६६९ असे आले. बर्मिंगहॅम विद्यापीठातील दोन पाने जुलै २०१५मध्ये जगभर गाजली. त्यांचा काळ ९५.४ टक्के संभाव्यतेने ५६८ ते ६४५. त्या बातम्या वाचून भाबड्यांनी आणि संशयवाद्यांनी सारख्याच उड्या मारल्या. कार्बन सांगतो ते जनावर कधी मेले एवढेच. त्याच्या कातड्यावर शाई कधी लागली ते सांगत नाही. शिवाय आयतींमधली विरामचिन्हे आणि हाताचे वळण पाहता ही पाने त्या पट्ट्याच्या अखेरीची किंवा किंचित नंतरची असावीत असे मानणारे अभ्यासक आहेत. तरी सातवे शतक सुटत नाही.

पण कार्बनपेक्षा मला शुद्धलेखनाचा पुरावा अधिक मोहक वाटतो. 'नीमत अल्लाह' म्हणजे अल्लाहची कृपा. यातला 'नीमत' शब्द अरबीत अखेरीस दोन तऱ्हांनी लिहिता येतो: 'ह'च्या आकाराने किंवा मोकळ्या 'त'ने. कुराणात दोन्ही तऱ्हा सापडतात आणि त्यांच्यामागे अर्थाचा किंवा व्याकरणाचा काही नियम नाही. पाचव्या सुरेच्या ७व्या आयतीत एक तऱ्हा, लगेच चार आयतींनंतर ११व्या आयतीत दुसरी. मारेन फान पुटेन यांनी २०१९मध्ये निरनिराळ्या प्राचीन हस्तलिखितांत हाच शब्द तपासला, तेव्हा जेथे 'त' तेथे सगळीकडे 'त' आणि जेथे 'ह' तेथे सगळीकडे 'ह' अशी संगती आढळली. दोन उत्तरपत्रिकांत एकाच ओळीत एकच विचित्र चूक सापडली तर परीक्षक काय समजतो? या सर्व पोथ्या एकाच लिखित मूळ प्रतीवरून, डोळ्यांनी पाहून उतरवल्या गेल्या. कानाने ऐकून लिहिणाऱ्यांना अशी संगती साधताच आली नसती. ती मूळ प्रत खलिफा उस्मान यांच्या काळची (६४४ ते ६५६) की अब्दुल मलिक यांच्या काळची, हा वाद चालू आहे. स्टीफन शूमेकर दुसरी बाजू हिरिरीने मांडतात. मला पहिली बाजू जड वाटते, कारण अब्दुल मलिक यांच्या काळापर्यंत इतक्या पोथ्या इतक्या प्रांतांत पसरल्या असत्या की त्या सर्व गोळा करून त्यांचा मागमूस नाहीसा करणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते.

कृष्णाकाठ

तिघांचेही आभार. पासष्ट मेंढ्या उद्या आमच्या मंडळात नक्की चरायला सोडतो. पण पेट्राचे काय? ते प्रकरण कोणी हात न लावता सोडले आहे.

जुनी_पाने

मुद्दाम सोडले होते, पण विचारलेच आहे तर थोडक्यात लिहितो. पेट्राचा दावा डॅन गिब्सन यांचा. आरंभीच्या काही मशिदींच्या किब्ल्याची, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी तोंड करण्याची, दिशा त्यांनी उपग्रहचित्रांवर मोजली आणि त्या मक्केकडे नसून पेट्राकडे रोखलेल्या आहेत असे म्हटले. यातला दोष असा की सातव्या शतकात इतक्या अंतरावरून दिशा गणिताने काढण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. ते गणित पुढच्या शतकांत आले. डेव्हिड किंग यांनी इस्लामी खगोलशास्त्राच्या अभ्यासात आयुष्य घालवले आहे, आणि ते दाखवतात की सुरुवातीचे लोक सूर्य-ताऱ्यांच्या उदयास्ताच्या खुणा वापरत. कैरोजवळच्या फुस्तात येथे हिवाळ्यातील अयनदिनाचा सूर्य ज्या बिंदूवर उगवतो तीच दिशा धरली गेली, आणि तिला 'सहाबांची किब्ला' असे नावही पडले. ती आजच्या गणिताने मक्केकडेही बरोबर जात नाही आणि पेट्राकडेही नाही. दोहोंच्या अधेमधे पडते.

इ.स. ७०८मध्ये वारलेले एडेसाचे बिशप याकूब यांचे एक पत्र आहे. ते लिहितात की इजिप्तमध्ये यहुदी आणि मुहाजिर दोघेही पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करताना आपण डोळ्यांनी पाहिले, बाबिलोन प्रांतात पश्चिमेकडे; यहुदी जेरुसलेमच्या दिशेने आणि मुहाजिर काब्याच्या दिशेने. पेट्रावाद्यांना यातला 'पूर्व' हा एक शब्द दिसतो. पण हिवाळ्याचा सूर्योदयही पूर्वेकडेच म्हटला जातो, आणि त्याच पत्रात काबा हे नाव आहे.

शिवाय पेट्रा काही ओसाड रहस्य नव्हते. १९९३मध्ये तेथल्या एका चर्चच्या उत्खननात जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या मिळाल्या. इ.स. ५३७ ते ५९४ या काळातली ग्रीक दस्तऐवजांची ही चळत आहे: जमिनीचे खरेदीपत्र, हुंड्याचे तंटे, कराच्या नोंदी. पैगंबरांच्या परंपरेने मानलेल्या तारुण्यापर्यंत तेथे ख्रिस्ती गावकरी द्राक्षमळ्यांच्या वाटण्या करत होते. पैगंबरांच्या मूर्तिपूजक कुरैश टोळीला त्या गावात बसवायचे कोठे?

खरा, विचार करण्याजोगा प्रश्न क्रोन यांनी १९८७मध्ये विचारला होता, आणि तो पेट्रापेक्षा पुष्कळ खोल आहे. मसाल्यांच्या आणि सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे मक्का हे केंद्र होते ही कल्पना तत्कालीन ग्रीक व लॅटिन साधनांत कोठेच आढळत नाही, मग ती समृद्ध पेठ आली कोठून? त्यांनी स्वतः २००७मध्ये एक उत्तर सुचवले: कुरैश चामडे विकत असावेत, आणि सीमेवरच्या रोमन सैन्याला तंबू, ढाली, खोगिरे यांसाठी चामडे अमाप लागे. अत्तराऐवजी कातडे. ऐकायला कमी सुंदर, पण पटण्याजोगे.

टाकसाळ

पेट्राबाबत सहमत. एक भर घालतो. मक्का आणि मदिना येथे शास्त्रशुद्ध उत्खनन होऊ शकलेले नाही, त्यामुळे जमिनीखालचे काही बोलत नाही. पण हिजाझच्या, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशातल्या, खडकांवर वाटसरूंनी कोरलेले लेख गेल्या काही दशकांत पुष्कळ वाचले गेले आहेत. अल-उलाच्या परिसरातला एक लेख हिजरी २४चा आहे. 'अल्लाहच्या नावाने. मी जुहैर. उमर वारले त्या वेळी लिहिले, सन चोवीस.' इतकाच. येथेही पैगंबरांचे नाव नाही हे मी आधी माझ्या बाजूने मोजत असे. परंतु उमर, म्हणजे दुसरे खलिफा, यांच्या नावापुढेही खलिफा नाही, अमीर नाही, वडिलांचे नावसुद्धा नाही, आणि तरी वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला कोणते उमर ते कळेल असे जुहैर धरून चालला आहे. म्हणून पावतीपुरते जुनी_पाने यांचे म्हणणे मी मान्य करतो. नाण्यांबाबत नाही.